तारयुक्त आणि बिनतारी चोरसूचक यंत्रणा

चोरसूचक यंत्रणा (बर्गलर अलार्म) ही घर, दुकान, कार्यालय किंवा गोदाम यांत अनधिकृत व्यक्तीने प्रवेश केल्यास भोंगा वाजवून अथवा दूरध्वनीद्वारे इशारा देणारी विद्युत यंत्रणा होय. संवेदक आणि नियंत्रण पेटी यांना जोडणाऱ्या माध्यमावरून तिचे तारयुक्त व बिनतारी असे दोन प्रमुख प्रकार पडतात.

इतिहास
अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील ऑगस्टस रसेल पोप यांना २१ जून १८५३ रोजी विद्युतचुंबकीय चोरघंटेचे एकस्व मिळाले. दार किंवा खिडकी उघडताच परिपथ पूर्ण होऊन घंटा वाजे. १८५७ मध्ये एडविन होम्स यांनी हे हक्क विकत घेतले आणि बोस्टन व पुढे न्यूयॉर्क येथे त्याचा व्यवसाय वाढवला. १९३६ मध्ये बेल प्रयोगशाळेतील वॉल्टर एलवूड यांनी शोधलेल्या रीड स्विचमुळे दारांसाठी लहान व टिकाऊ चुंबकीय संवेदक बनवणे शक्य झाले.

कार्यपद्धती
यंत्रणेचे संवेदक, नियंत्रण पेटी आणि इशारा देणारी साधने असे तीन भाग असतात. दाराच्या चौकटीवर रीड स्विच व फळीवर लोहचुंबक बसवतात. दार उघडले की चुंबक दूर जातो आणि स्विचची स्थिती बदलते. खोलीतील हालचाल ओळखण्यासाठी मानवी शरीरातून बाहेर पडणाऱ्या अवरक्त किरणांतील बदल टिपणारे संवेदक वापरतात.

तारयुक्त यंत्रणा
या प्रकारात प्रत्येक संवेदकापासून नियंत्रण पेटीपर्यंत तार नेलेली असते. संवेदकांना वीज सामान्यतः १२ व्होल्टच्या एकाच पुरवठ्यातून मिळते. वीज खंडित झाल्यास पेटीतील बॅटरी काही तास काम चालवते. पोप यांच्या रचनेत तार कापल्यास घंटा मुकी होई. त्यामुळे पुढे बंद परिपथाची पद्धत रूढ झाली. तीत तार तुटणे हाच इशारा ठरतो. तथापि तारेची दोन टोके एकमेकांना जोडून असा परिपथ फसवता येतो. म्हणून संवेदकाजवळ, म्हणजे तारेच्या शेवटी, एक रोधक बसवतात. त्यामुळे तार तोडणे आणि जोडणे या दोन्ही गोष्टी पेटीला कळतात. भिंतींना झिऱ्या पाडाव्या लागणे, उंदरांनी तारा कुरतडणे आणि जागा बदलताना यंत्रणा सहज हलवता न येणे या तिच्या मर्यादा होत.

बिनतारी यंत्रणा
यात संवेदक रेडिओ लहरींद्वारे पेटीला संदेश पाठवतात. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्याविना खुला आहे. तोडफोड न करता बसवता येणे आणि घर बदलताना सोबत नेता येणे हे तिचे मुख्य लाभ. मात्र प्रत्येक संवेदकाची बॅटरी ठरावीक काळाने बदलावी लागते. जाड दगडी भिंती, सळयांचे काँक्रीट आणि लोखंडी शटर यांमुळे संदेश क्षीण होतो. त्याच वारंवारतेवर मुद्दाम गोंगाट निर्माण करून संदेश अडवता येतो. तसेच एकच कायम संकेत पाठवणाऱ्या स्वस्त उपकरणांचा संकेत नोंदवून पुन्हा वापरता येतो. दर्जेदार यंत्रणांत संदेश कूटबद्ध असतात, संवेदक ठरावीक अंतराने आपली खुशाली कळवतात आणि रेडिओ अडथळा आल्यास पेटी तशी सूचना देते.

निवडीचे निकष
बांधकाम किंवा मोठी दुरुस्ती चालू असेल, तर तारांसाठी नळ्या त्याच वेळी टाकणे सोयीचे व किफायतशीर ठरते. भाड्याचे घर, राहते सजवलेले घर किंवा भिंती फोडता न येणारी जुनी वास्तू यांसाठी बिनतारी यंत्रणा योग्य असते. परंतु जाड भिंतींच्या वाड्यात खरेदीपूर्वी प्रत्येक खोलीतून संदेश पोहोचतो का, हे तपासणे आवश्यक असते. संवेदकांची संख्या फार असल्यास बॅटऱ्यांची देखभाल जिकिरीची होते, म्हणून मोठ्या गोदामांत तारयुक्त प्रकाराला प्राधान्य मिळते. दोन्ही प्रकारचे संवेदक स्वीकारणारी मिश्र यंत्रणाही उपलब्ध असते.

संवेदकांच्या जोडणीइतकाच बाहेर इशारा पोहोचवणारा दुवा महत्त्वाचा असतो. उघड्यावरील दूरध्वनीची तार कापली गेल्यास घरातील तारयुक्त यंत्रणाही मालकाला दूरवर कळवू शकत नाही. म्हणून भ्रमणध्वनी जाळ्याचा दुसरा मार्ग ठेवतात. हा मार्गही कायमचा नसतो. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीने २०१६ च्या अखेरीस टूजी सेवा बंद केल्यावर त्यावर विसंबलेली इशारा उपकरणे बदलावी लागली.

मर्यादा
पाळीव प्राणी, वाऱ्याने हलणारे पडदे, सैल बसवलेली दारे व उतरलेल्या बॅटऱ्या यांमुळे खोटे इशारे मिळतात. ते वारंवार घडल्यास शेजारी भोंग्याकडे दुर्लक्ष करू लागतात आणि यंत्रणेचा मूळ हेतूच विफल होतो. त्यामुळे कोणताही प्रकार निवडला, तरी नियमित चाचणी आवश्यक ठरते. चोरसूचक यंत्रणा प्रवेश रोखत नाही, केवळ त्याची सूचना देते. ती भक्कम दार व कुलूप यांना पूरक असते, पर्याय नव्हे.