किन्हवलीचा न्ह, खर्डीचा र

मुरबाडच्या मुलखातून नाणेघाटाने जुन्नरकडे चढणाऱ्या वाटसरूला घाटाच्या तोंडाशी जे लेणे लागते, त्याच्या भिंतींवर सुमारे 2000 वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळी ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत कोरलेला, राणी नागनिकेच्या नावाने ओळखला जाणारा जो प्रदीर्घ लेख आहे, त्यात ‘श्री’ हे अक्षर ‘सिरि’ असे सुटे होऊन येते, आणि चंद्रसूर्यांना वंदन करताना त्यांच्या नावांतले जोड गळून नुसते ‘चंद’ आणि ‘सूर’ उरतात. ब्राह्मीत जोडाक्षराची सोय नव्हती असे नाही; एका अक्षराच्या पायाशी दुसरे बसवून ते लिहीत. परंतु लोकांच्या मुखी जे नव्हते, ते कोरणाऱ्याने दगडावर आणले नाही. आज त्याच घाटाच्या पायथ्याशी वैशाखरे-टोकावड्याकडची मुले ‘चंदर’, ‘परकास’, ‘मित्तर’ म्हणतात. त्याला अशुद्ध म्हणून मोडीत काढण्यापूर्वी त्या उच्चाराची वंशावळ किती जुनी आहे, हे शिक्षकाने एकदा मनात आणावे, असे मला फार वाटते.

शहापूरकडून थळघाट चढून नाशिकच्या लेण्यांत गेले, तर तेथील कित्येक लेखांचा आरंभ ‘सिधं’ या शब्दाने झालेला दिसतो. आणि अव्वल इंग्रजीपर्यंत पंतोजीच्या ओसरीवर धूळपाटी पुढे ओढून बसलेले पोर पहिल्या दिवशी ‘ओनामासीधं’ असा जो घोष करी, त्यातही ‘ॐ नमः सिद्धम्’ मधला द्ध सुटून पुन्हा तोच ‘सिधं’ झालेला असे. विद्यारंभाच्या मंत्रातच जोडाक्षर होते, आणि मुलांच्या जिभेने ते तेथल्या तेथे सोडविले होते. पंतोजीला त्याची खंत नसावी. कारण त्याच्या शाळेचा खरा रोख बाळबोध वाचनापेक्षा पावकी-निमकीच्या पाढ्यांवर आणि मोडीवर असे. कुळकर्ण्याचे दप्तर, मामलेदाराची कचेरी, सावकाराची रोजकीर्द, सारा व्यवहार मोडीत चाले. तेथे इकार सरसकट दीर्घ आणि उकार सरसकट ऱ्हस्व, आणि वाचणारा संदर्भाने समजून घेई. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांच्या पोरांना तर त्या ओसरीची पायरीही सहसा चढता येत नसे.

हे सारे बदलले ते छापखान्याने. पेशवाई गेली, सरकारी शाळा निघाल्या, आणि 1869 साली जावजी दादाजींनी मुंबईत काढलेल्या निर्णयसागरासारख्या छापखान्यांनी बाळबोध अक्षराला जे रेखीव रूप दिले, त्यात द्ध, ह्म, क्त यांसारख्या प्रत्येक जोडाला आपला खिळा आणि आपली जागा मिळाली. छापील अक्षर म्हणजे प्रमाण, ही भावना तेव्हापासून दृढ झाली. जोडाक्षरांचा पाठ मग पुष्कळदा यकारापासून निघू लागला: वाक्य, मुख्य, भाग्य. शब्द सारे संस्कृतातून आलेले. त्यांतला एकही या डोंगरातल्या मुलाने घरी ऐकलेला असेलच, याची शाश्वती नाही.

याच ठाणे जिल्ह्याच्या तेव्हाच्या दुसऱ्या टोकाला ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीस आणि अनुताई वाघांसह 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर जे बालशिक्षण उभे केले, त्याने मुलाच्या परिसरातली वस्तू हेच शिक्षणाचे साधन मानले. शिंपले, पाने, बिया यांना वर्गात जागा मिळाली. 1 ऑगस्ट 2014 रोजी तो भाग पालघर जिल्ह्यात गेला, तरी त्या विचारावर शहापूर-मुरबाडचाही हक्क आहे. जोडाक्षरांना तो लावून पाहिला, तर एक गोष्ट स्पष्ट दिसते, आणि ती सांगण्यासाठीच हा सारा प्रपंच.

येथल्या मुलाला जोडाक्षर परके नाहीच. म्हैस, उन्हाळा, कुऱ्हाड हे शब्द तो शाळेत येण्यापूर्वीपासून बोलतो. पौष पौर्णिमेला घरचे बैल घेऊन ज्या जत्रेला जातात, ते गाव म्हसा. बाजाराचे गाव किन्हवली. यांतले म्ह आणि न्ह हे जोड जिभेला जितके सवयीचे, तितकेच डोळ्याला सोपे आहेत: न चा दंड गेला की उरलेला अर्धा भाग ह ला सरळ चिकटतो, म चेही तसेच. कठीण आहे तो र. मूल ‘खर्डी’ हा शब्द सावकाश म्हणते, ख लिहिते, आता र ची पाळी म्हणून हात पुढे नेते, आणि बाई सांगतात की आधी डी काढ, मग तिच्या डोक्यावर रफार दे. उच्चारात आधी आलेला र लिहिताना मागून यावा, ही लिपीची अट आहे, मुलाच्या बुद्धीचा दोष नव्हे. शेंद्रूण या गावाच्या नावात तोच र द च्या पायाशी तिरकी रेघ होऊन बसतो, आणि कुऱ्हाडीत ह च्या आधी आडवा पडतो. एका अक्षराची ही तीन रूपे एकाच आठवड्यात फळ्यावर मांडण्याची घाई करू नये. म्हसा आणि किन्हवली आधी पक्की व्हावीत, आणि खर्डीचे स्टेशन दिवाळीच्या सुट्टीनंतर घ्यावे.