मानदुखी व हस्तचिकित्सा

मानदुखी व हस्तचिकित्सा : मानेतील वेदना आणि तिच्याबरोबर हातात उतरणारी कळ, मुंग्या किंवा बधिरपणा यांवर केवळ हातांच्या साहाय्याने सांधे, स्नायू व तंत्रिका (मज्जा) यांना नियंत्रित हालचाल देऊन केला जाणारा उपचार. ही भौतिकी चिकित्सेची एक शाखा होय [⟶ भौतिकी चिकित्सा].

मानेत ७ मणके असून त्यांच्या लगतच्या छिद्रांतून तंत्रिकांच्या ८ जोड्या बाहेर पडतात. त्यांपैकी पाचवी ते आठवी व पाठीतील पहिली यांच्या शाखा एकत्र येऊन हाताकडे जाणारी बाहुजालिका बनते. त्यामुळे दोष मानेत असूनही दुखणे दंडात किंवा बोटांत जाणवू शकते. वेदनेचे स्थान व तिचे मूळ यांतील हा भेद हळूहळू ध्यानात येत गेला आणि त्याबरोबर उपचार करणाऱ्या हाताचा जोर कमी होत गेला, असा या उपचाराचा एकंदर इतिहास आहे.

सुश्रुतसंहितेत वातव्याधींमध्ये मन्यास्तंभ (मान आखडणे), अवबाहुक (खांद्याच्या विकाराने हाताची हालचाल खुंटणे) व विश्वाची (बोटांपर्यंत जाणाऱ्या कंडरांच्या विकाराने हाताचे कार्य बिघडणे) यांचा स्वतंत्रपणे उल्लेख आढळतो. तैलाभ्यंग, स्वेदन व नस्य हे त्यांवरील प्रमुख उपचार होत. कंडरा व तंत्रिका यांतील फरक प्राचीन काळी स्पष्ट नव्हता. ग्रीक भाषेतील तंत्रिकावाचक शब्दाचाही मूळ अर्थ कंडरा असाच होता. मराठी बोलण्यात ‘शीर’ हा शब्द अद्यापि रक्तवाहिनी, कंडरा व तंत्रिका या तिन्हींसाठी योजला जातो.

दुसऱ्या शतकात रोममध्ये गेलेन या वैद्याने पॉसेनिअस नावाच्या सिरियन पंडितावर केलेला उपचार या संदर्भात उद्बोधक आहे. या रुग्णाची करंगळी, अनामिका व मधल्या बोटाचा अर्धा भाग बधिर झाला होता आणि इतर वैद्य बोटांवरच औषधे लावीत होते. रुग्ण पूर्वी रथातून पडला होता व त्याच्या पाठीच्या वरच्या भागाला मार लागला होता, हे गेलेनने विचारपूस करून जाणले. त्याने औषधे बोटांऐवजी मणक्यांच्या जागी लावली आणि रुग्ण बरा झाला.

लोकव्यवहारात मात्र ‘हाड सरकले, ते बसवावे’ ही कल्पना दृढ राहिली. महाराष्ट्रात हाडवैद्य, तालमीतील वस्ताद व न्हावी यांच्याकडे मान मोडून घेण्याची चाल होती व काही प्रमाणात आजही आहे. अमेरिकेत अँड्रू टेलर स्टिल यांनी १८७४ मध्ये व डी. डी. पामर यांनी १८९५ मध्ये ज्या पद्धती मांडल्या, त्यांतही मणक्यांची स्थिती सुधारण्यावर भर होता. दुसऱ्या बाजूस स्टॉकहोम येथे पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ मध्ये स्थापलेल्या संस्थेतून व्यायाम आणि मर्दन यांचे पद्धतशीर शिक्षण सुरू झाले. इंग्लंडमध्ये १८९४ मध्ये चार परिचारिकांनी मर्दनकारांची संघटना स्थापन केली; तीतूनच पुढे तेथील भौतिकोपचारतज्ञांची सनदी संस्था विकसित झाली.

मणक्यांमधील चकती सरकून तंत्रिकामूळ दाबले जाते, हे मिक्स्टर व बार यांनी १९३४ मध्ये दाखविल्यावर निदानाला निश्चित आधार मिळाला. जेम्स सिरिअक्स यांनी आपल्या ग्रंथात (१९४७) सांधे व स्नायू यांच्या तपासणीची शिस्तबद्ध पद्धत घालून दिली. ऑस्ट्रेलियातील जेफ्री मेटलँड यांनी १९६४ च्या ग्रंथात झटक्याऐवजी सौम्य, लयबद्ध व श्रेणीबद्ध हालचालींवर भर दिला. प्रत्येक हालचालीनंतर रुग्णाची पुन्हा तपासणी करावी, हा त्यांचा दंडक होता.

यानंतर लक्ष तंत्रिकेकडे वळले. शरीराच्या हालचालींबरोबर मेरुरज्जू व तंत्रिकामुळे यांवरील ताण बदलतो, हे स्वीडनमधील आल्फ ब्राइग यांनी १९६० मध्ये दाखविले. पर्थ येथील रॉबर्ट एल्व्ही यांनी १९७९ मध्ये बाहुजालिकेची ताणपरीक्षा मांडली. तीत खांदा, कोपर व मनगट क्रमाने विशिष्ट स्थितीत आणून मान विरुद्ध बाजूस कलवितात. नेहमीची कळ उमटली व मानेची स्थिती बदलताच ती कमीजास्त झाली, तर तंत्रिका संवेदनशील झाल्याचा संशय घेतात. अशी तंत्रिका जोराने ताणल्यास दुखणे वाढू शकते. म्हणून मान हलकेच बाजूला सरकविणे व तंत्रिका तिच्या मार्गात मागेपुढे सरकेल अशी हालचाल देणे, हे उपाय रूढ झाले. ऑस्ट्रेलियातील ६० रुग्णांच्या एका तुलनात्मक चाचणीत (२०१२) अशा उपचाराने अल्पकाळात लाभ झाल्याचे व अपाय न झाल्याचे दिसून आले.

भारतात या व्यवसायाचे पद्धतशीर शिक्षण १९५० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू झाले. बालपक्षाघाताच्या (पोलिओच्या) रुग्णांचे पुनर्वसन ही त्या वेळची मुख्य निकड होती. भारतीय भौतिकोपचारतज्ञ संघ १९५५ मध्ये स्थापन झाला. शिक्षण व नोंदणी यांचे देशव्यापी नियमन करणारा केंद्रीय अधिनियम २०२१ मध्ये संमत झाला.

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर व दौंड या तालुक्यांत या उपचाराचे महत्त्व विशेष आहे. घोड व भीमा यांच्या खोऱ्यांत उसाची मोळी व कांद्याची पोती डोक्याखांद्यावरून वाहिली जातात. रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींत मान एकाच स्थितीत ठेवून दीर्घकाळ करावी लागणारी कामेही असतात. दोन्ही प्रकारांत मानेवर ताण पडतो. हात दुखू लागला की रुग्ण ‘शीर आखडली’ असे म्हणून हात चोळून किंवा मान मोडून घेतो. मेंदूला रक्त पुरविणाऱ्या दोन धमन्या मानेच्या वरच्या सहा मणक्यांतील छिद्रांतून जातात. जोराच्या झटक्याने त्यांचे अस्तर फाटून पक्षाघात होऊ शकतो. असे क्वचितच घडते, पण त्याचा परिणाम गंभीर असतो. हाताची शक्ती कमी होत जाणे, बोटांनी गुंडी लावता न येणे, चाल अडखळणे, मूत्रनियंत्रण सुटणे, तसेच अपघातानंतर किंवा तापासह मान दुखणे, ही लक्षणे असल्यास हस्तचिकित्सा न करता प्रथम वैद्यकीय तपासणी करणे आवश्यक असते. ही लक्षणे नसल्यास सौम्य हस्तचिकित्सा, व्यायाम व कामाच्या पद्धतीत बदल यांचा एकत्र उपयोग करतात.