जात चोरणाऱ्या ‘मी’ची साक्ष

गोष्ट सांगणाऱ्या ‘मी’वर वाचकाने किती विसंबावे, हा प्रश्न वेन बूथ या अमेरिकन समीक्षकाने १९६१ साली पुढे आणला आणि ‘अविश्वसनीय निवेदक’ ही संज्ञा रूढ झाली. मराठीत मात्र हा प्रश्न साऱ्यांना सारख्या आवाजात विचारला गेलेला नाही.

हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’ पत्रात येऊ लागली. तीत एक पुरुष यमू होऊन ‘मी’ म्हणतो. हा ‘मी’ उसना, हे उघड आहे. तरी समीक्षेने त्याला वास्तववादाचा मान दिला, आणि तो रास्तच होता. पण दलित लेखक ‘मी’ म्हणू लागला, तेव्हा ‘हे घडले की रंगविले?’ अशी उलटतपासणी सुरू झाली. पुराव्याचे ओझे नेमके त्याच्याच डोक्यावर का?

बाबूराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३ साली त्याच नावाच्या संग्रहात आली. रेल्वेतल्या नोकरीवर परगावी गेलेला तरुण जात लपवून सवर्णांत राहतो. कन्हानला खाणकामगारांच्या मुलांना मी ती वाचून दाखविली, तेव्हा एकाने विचारले, “सर, हा सगळ्यांशी खोटं बोलते, मंग आपल्याशी खरं बोलते कशावरून?”

प्रश्न बिनतोड आहे. पण हा निवेदक खोटे बोलतो ते भोवतालच्या माणसांशी. वाचकापुढे ते खोटे तो शीर्षकातच मांडून ठेवतो. खोली बघायला गेले की आधी आडनाव का विचारतात, हे कन्हानच्या पोरांना समजावावे लागत नाही. ते खोटे हीच इथे साक्ष आहे.

मला संशय येतो तो दुसरीकडे, ‘चोरली’ या शब्दावर. जात त्याची, ती सांगायची की नाही हा अधिकारही त्याचा. मग चोरी कसली? घटना सांगताना हा ‘मी’ चुकत नाही, पण स्वतःला दोष देताना तो गावाची भाषा बोलतो. बागुल हे जाणून होते, म्हणूनच जात न लपविणारा काशिनाथ त्यांनी त्याच्यासमोर उभा केला.

पुढे १९७८ साली ‘बलुतं’त दया पवारांनी ‘मी’चे दोन भाग केले: दगडू सांगतो, लिहिता दया ऐकतो. समीक्षकाच्या आधी लेखकच स्वतःची उलटतपासणी घेऊ लागला.