तळटीप १७ : ‘जावा रुसला जी’
देवरीच्या कंत्राटदाराच्या तोंडचे हे वाक्य (‘जी’ त्या भागातले, म्हणून तसेच ठेवले) आज उलगडून सांगावे लागते. महाटेंडर्स या राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावर निविदेवर डिजिटल सही करण्याचे काम तेव्हा जावा अ‍ॅप्लेट करी. अ‍ॅप्लेट म्हणजे ब्राउझरच्या पानातच चालणारा छोटा प्रोग्राम. परका म्हणून त्याला कुंपणात ठेवलेले असे: संगणकावरच्या फाइली वाचायच्या नाहीत, यूएसबी टोकनला हात लावायचा नाही. सहीची किल्ली तर नेमकी त्या टोकनातच! म्हणून अ‍ॅप्लेटवर त्याच्या निर्मात्याची डिजिटल सही लागे, शिवाय वापरणाऱ्याची परवानगी.

जानेवारी २०१४ मधल्या जावा ७ अपडेट ५१ ने नियम आणखी आवळले, पण सोबत अपवादांची यादीही दिली. तीत संकेतस्थळाचा पत्ता टाकला की बहुतेक अडवणूक संपे. कुलूप लावून किल्ली कोनाड्यात ठेवावी तसे. पुढे क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये जावाचे प्लगिन चालवणेच बंद केले. उरला इंटरनेट एक्सप्लोरर, किंवा मुद्दाम जुना ठेवलेला फायरफॉक्स. निविदेसाठी वेगळा संगणक राखणे, त्यावर कोणतेही अपडेट होऊ न देणे, हा मग देवरीसारख्या तालुक्याच्या गावी हौसेचा नव्हे, धंद्याचा भाग होता. ‘रुसला’ म्हणजे बहुधा रात्रीतून अपडेट झाले. (संपा.)