मोहेंजोदडोचा नकाशा

गेल्या दिवाळीच्या सुटींत माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. इतिहासाची पदवी घेऊन तो संगणकावर चित्रें काढण्याच्या व्यवसायांत पडला आहे. आणि जुन्या उत्खननांचे कच्चे आराखडे स्वच्छ व रंगीत करून देणें हें सध्यां त्याचें मुख्य काम आहे. त्यानें दोन कागद माझ्या मेजावर ठेवले. पहिला मोहेंजोदडोच्या जुन्या छापील आराखड्याची प्रत होती. रेघा एकमेकींत शिरलेल्या, आंकडे मुंगीएवढे, भिंत कोणती आणि छपाईचा डाग कोणता हें भिंगावांचून कळूं नये. दुसरा कागद त्यानें स्वतः काढलेला. त्यांत भिंती विटकरी, रस्ते फिकट पिवळे, विहिरी निळ्या, आणि महास्नानगृह तर असें कीं, त्यांत उतरावेंसें वाटावें! तीस वर्षें फळ्यावर खडूनें जें मला दाखवितां आलें नाहीं, तें एका दृष्टिक्षेपांत दिसत होतें. मला आनंद झाला, हें आरंभींच सांगितलेलें बरें. नाहीं तर पुढील मजकूर वाचून मी नव्या साधनांचा द्वेष्टा आहें असा वाचकांचा ग्रह व्हावयाचा.

हें काम केवळ शोभेचें नाहीं. सिंधमधील हें नगर इ. स. पू. २६०० ते १९०० च्या सुमारास नांदत होतें. तें उघडें पडल्यापासून जमिनींतील क्षार त्याच्या विटा खात आहेत. १९८० सालीं त्याची जागतिक वारशांत गणना झाली, तरी क्षारांना त्याची दाद नाहीं; १९२२ नंतर उकरलेल्या कित्येक भिंतींचे पृष्ठभाग भुगा होऊन गळून पडले, आणि २०२२ च्या ऑगस्टांतील अतिवृष्टीनेंही मोठी हानि केली. जी भिंत उद्यां राहणार नाहीं, तिचा पुरावा म्हणजे तो जुना, किचकट आराखडाच. आणि तोही वाचावयास कठीण म्हणून आपण त्याची सुबक प्रत करतों, तेव्हां हळूहळू ती प्रतच मूळ होऊन बसते. म्हणून प्रत करणाऱ्यावर मोठी जबाबदारी येते.

या भूमीनें भल्याभल्यांना चकविलें आहे. १९११-१२ मध्यें देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांच्यासारखा व्यासंगी विद्वान् तेथें जाऊन आला. विटा अर्वाचीन धाटणीच्या दिसल्यावरून हे अवशेष दोनशें वर्षांहून फारसे जुने नसावेत, असें मत त्यांनीं दिलें. पुढें राखालदास बॅनर्जी यांनीं तेथें कुदळ घातली, आणि १९२४ च्या सप्टेंबरांत जॉन मार्शल यांनीं या संस्कृतीची वार्ता जगास दिली. पंढरपुरांत जन्मलेले काशिनाथ नारायण दीक्षित यांनीं त्यानंतर खणलेला भाग आजही प्रत्येक नकाशावर ‘डी. के.’ या त्यांच्या नांवाच्या अक्षरांनीं ओळखला जातो. असो.

विद्यार्थ्याच्या नकाशांत महास्नानगृहाच्या पश्चिमेस एक मोठी इमारत सोनेरी रंगानें भरली होती आणि वर ठसठशीत अक्षरांत लिहिलें होतें, ‘धान्याचें कोठार’. मीं विचारलें, “हें कशावरून?” तो म्हणाला, “सर, सगळ्या पुस्तकांत तसेंच आहे.” खरें आहे. पण या इमारतीच्या नांवाचाही एक इतिहास आहे. मार्शल यांना तिचा कांहीं भागच दिसला होता, आणि तें उष्ण हवेचें स्नानगृह असावें असें त्यांना वाटलें. १९५० सालीं मॉर्टिमर व्हीलर यांनीं तेथें पुन्हां खोदलें. विटांचे २७ चौथरे आणि त्यांमधील अरुंद वाटा पाहून, या वाटा धान्यास वारा लागावा म्हणून ठेविल्या असाव्यात, असें अनुमान त्यांनीं केलें. मात्र जळकें धान्य किंवा सांठवणीचीं भांडीं तेथें मिळाल्याची नोंद नाहीं. जोनाथन मार्क केनॉयर यांच्यासारखे अलीकडील संशोधक त्या जागेस नुसतें मोठें दालन म्हणणें पसंत करतात. म्हणजे भिंत पाहिलेली आहे, कोठार तर्कानें जाणलेलें आहे. आणि चित्रांत दोहोंना एकच रंग मिळाला आहे.

याहून गंभीर गोष्ट सांगाड्यांची. मोहेंजोदडोच्या वरच्या थरांत निरनिराळ्या ठिकाणीं सुमारे ३७ मानवी सांगाडे मिळाले; एका खोलींत तर एकत्र चौदा. १९४६ मध्यें व्हीलर यांनीं हडप्पा येथें तटबंदी उकरली, आणि १९४७ सालीं ऋग्वेदांतील पुरें फोडणाऱ्या इंद्राशीं तिचा संबंध जोडून या कत्तलीचा आरोप त्यांनीं आर्यांवर ठेविला. पुढें दोन पिढ्या हें चित्र पाठ्यपुस्तकांतून फिरलें. आर्य कोण, द्रविड कोण, या वादांत त्यानें किती तेल ओतलें, तें आपल्या देशास ठाऊक आहे.

आतां नकाशाकडे पाहूं. त्या काळीं सांपडलेल्या वस्तूची खोली एका ठराविक पातळीपासून मोजीत, आणि सारख्या खोलीवरच्या वस्तु सारख्या काळच्या मानीत. पण गांव कांहीं परातीसारखें सपाट नसतें. एक घर उंचवट्यावर, दुसरें उतारावर. एकाची जमीन पिढ्यान्‌पिढ्या भर घालून वर येते, शेजारचें पडकें घर खालींच राहतें. या पद्धतीवर स्वतः व्हीलर यांनींच कठोर टीका केली होती, हा दैवाचा विनोद! ते सांगाडे एकाच कागदावर लाल ठिपक्यांनीं दाखविले, तर निरनिराळ्या वेळीं मेलेलीं माणसें एकाच सकाळीं मेल्यासारखीं दिसतात. कागदाला लांबीरुंदी असते, काळ नसतो.

१९६४ सालीं जॉर्ज डेल्स यांनीं प्रत्येक सांगाड्याची नोंद तपासून या कत्तलीस दंतकथा ठरविलें. सर्व प्रेतें एका थरांतलीं नव्हतीं. कांहीं तर घाईनें पुरल्यासारखीं होतीं. आणि जेथें शेवटची झुंज व्हावयाची त्या बालेकिल्ल्यावर एकही नव्हतें. पुढें केनेथ केनेडी यांनीं हाडें तपासलीं, तेव्हां एक-दोन सांगाड्यांखेरीज शस्त्राच्या जखमेचें चिन्ह दिसलें नाहीं. १९७९ पासून आखन विद्यापीठाच्या मिखाएल यान्सेन यांच्या मंडळीनें जुन्या नोंदवह्या व छायाचित्रें गोळा केलीं, उष्ण हवेचा माणसांवांचूनचा फुगा सोडून वरून छायाचित्रें घेतलीं, आणि उभ्या असलेल्या भिंती पुन्हां मोजून नकाशे नव्यानें काढले. तेव्हां नवा नकाशा चुका पसरवितो तसा सुधारतोही. भेद इतकाच कीं, आखनच्या लोकांनीं मूळ नोंदींकडे परत जाऊन रेघ ओढली. आपण बहुधा दुसऱ्याची रेघ गिरवितों आणि तिला रंग देतों.

कच्च्या आराखड्याचा एक गुण आपण विसरतों. त्याचा ओबडधोबडपणाच सांगत असतो कीं, हें माणसानें उन्हांत उभें राहून, चुकत, अंदाज करीत काढलें आहे. संगणकाची रेघ मात्र सर्वत्र सारखीच ठाम. म्हणून माझ्या विद्यार्थ्याला मीं तीन गोष्टी सुचविल्या: पाहिलेली भिंत अखंड रेघेनें आणि तर्कानें जोडलेली तुटक रेघेनें दाखवावी; रंग इमारतीच्या उपयोगास न देतां काळास द्यावा, आणि काळ ठाऊक नसेल तेथें कागद कोराच ठेवावा; नांव देतांना तें प्रथम कोणी व केव्हां दिलें तें खालीं बारीक अक्षरांत लिहावें. तो थोडा हिरमुसला. “सर, गिऱ्हाइकाला कोरी जागा आवडत नाहीं,” असें म्हणाला, आणि त्यांत तथ्य आहे. कोरी जागा कोणालाच आवडत नाहीं, इतिहासकारांनाही नाहीं. इंद्राला आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें केलें तें अशीच एक कोरी जागा भरण्यासाठीं.

आठ दिवसांनीं त्यानें सुधारलेली प्रत पाठविली. सोनेरी रंग गेला आहे. तेथें ‘मोठी इमारत, उपयोग अनिश्चित’ एवढेंच लिहिलें आहे. चित्र पूर्वीपेक्षां थोडें कमी देखणें झालें, हें कबूल केलें पाहिजे. तें मीं जेवणघराच्या भिंतीवर लावलें. रात्रीं धाकट्या मुलीनें त्यावर बोट ठेवून विचारलें, “बाबा, ही भिंत मध्येंच तुटली कां?” पहिलें चित्र पाहून तिनें “छान आहे” इतकेंच म्हटलें होतें. त्या रात्रीं पानें वाढून झालीं, आमटी निवली, तरी आम्ही त्या तुटक्या रेघेविषयींच बोलत होतों.