तालीम : नटाची आणि माणसाची

मराठीत ‘तालीम’ हा शब्द दोन ठिकाणी वापरतात. पैलवान घडतो ती तालीम आणि नाटक बसते तीही तालीम. पैलवानाच्या तालमीतला वस्ताद नुसते डाव शिकवत नाही; पोराचे खाणेपिणे, झोप, वागणूक यांवरही त्याची नजर असते. नाटकाच्या तालमीत मात्र एक प्रश्न कायमच उरतो. नटाला वाक्य कसे बोलावे, कुठे उभे राहावे एवढेच शिकवायचे, की त्याच्यातला माणूसही घडवायचा? आणि घडवायचा म्हटले, तर शिकवणाऱ्याने त्याच्या खासगी आयुष्यात कुठवर शिरायचे?

उन्हाळ्याच्या सुटीत ठिकठिकाणी अभिनयाची शिबिरे भरतात. त्यांच्या जाहिरातींत ‘अभिनय’ आणि ‘व्यक्तिमत्त्व विकास’ हे शब्द बहुधा जोडीनेच येतात. या जोडीचा इतिहास पाहायचा तर शंभराहून अधिक वर्षे मागे, मॉस्कोला जावे लागते.

कॉन्स्टंटिन स्तानिस्लाव्हस्की यांचा जन्म १८६३ सालचा. त्यांचे खरे आडनाव अलेक्सेयेव्ह. घराणे श्रीमंत, सोन्याचांदीची जर तयार करण्याचा त्यांचा कारखाना होता. नाटकाचा नाद घरच्यांपासून लपवायला त्यांनी स्तानिस्लाव्हस्की हे नाव घेतले आणि तेच जगभर झाले. १८९८ मध्ये नेमिरोविच-दान्चेन्को यांच्यासह त्यांनी मॉस्को आर्ट थिएटर सुरू केले. चेकॉव्हच्या ‘सीगल’ने त्याच वर्षी या संस्थेला नाव मिळवून दिले.

यशाच्या या काळातच त्यांना एका गोष्टीने ग्रासले. १९०६ च्या उन्हाळ्यात ते विश्रांतीसाठी फिनलंडला गेले होते. चेकॉव्ह १९०४ मध्ये गेले होते, युरोपचा दौरा नुकताच गाजला होता. पण त्यांचे मन लागत नव्हते. आपल्या भूमिका एकेक करून ते आठवू लागले. इब्सेनच्या नाटकातील डॉक्टर स्टॉकमन ही त्यांची अत्यंत गाजलेली भूमिका. ती उभी करताना त्यांच्या मनात एक प्रामाणिक मित्र होता. सदसद्विवेकबुद्धी सोडता आली नाही म्हणून बड्या लोकांनी त्याला चिरडले होते. त्या आठवणीतून स्टॉकमन जिवंत झाला होता. प्रयोगांमागून प्रयोग झाले. चाल, हातवारे, आवाज सारे जागच्या जागी राहिले, पण ती आठवण केव्हाच निसटली होती. प्रेक्षक टाळ्या देत होते आणि आतला माणूस गैरहजर होता.

मला या घटनेचे महत्त्व फार वाटते. त्रेचाळीस वर्षांचा, कीर्तीच्या शिखरावरचा नट स्वतःला विचारतो, की मी रोज रात्री जिवंत कसा राहू? अभिनयशिक्षणाची आधुनिक पद्धत या प्रश्नातून जन्मली. तोवर प्रतिभा ही दैवी देणगी मानली जाई. ती आली तर आली. स्तानिस्लाव्हस्की म्हणू लागले, की ती हुकमाने आणता येत नाही, पण तिच्या येण्याची वाट मोकळी ठेवता येते. शरीरातला ताण सोडणे, लक्ष एकाग्र करणे, कल्पनेला वळण लावणे हे सगळे सरावाने साधते. रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाच्या विचारांतून त्यांना भावस्मृतीची कल्पना मिळाली. स्वतःच्या आयुष्यातला अनुभव आठवून भूमिकेतली भावना जागी करायची, ही ती कल्पना.

१९१२ मध्ये त्यांनी तरुणांसाठी ‘फर्स्ट स्टुडिओ’ काढला आणि सुलेर्झित्स्की यांच्या हाती सोपवला. हा टॉल्स्टॉयचा अनुयायी. चांगला नट व्हायचे तर आधी एकमेकांशी नीट वागायला शिका, असा त्याचा खाक्या. उन्हाळ्यात तो मुलांना काळ्या समुद्राकाठी घेऊन जाई आणि शेतीची, बांधकामाची कामे करायला लावी. आपल्याकडचा वस्तादच जणू!

पण याच स्टुडिओतली एक कथा सांगतात. मायकेल चेकॉव्ह या तरुण नटाने भावस्मृतीच्या सरावात वडिलांच्या अंत्यविधीचा प्रसंग असा उभा केला, की स्तानिस्लाव्हस्कींनी त्याला मिठी मारली. पुढे कळले, की वडील हयात होते! गंमत सोडा; त्यात एक धडा आहे. जे आठवणीने साधायचे, ते त्या पोराने कल्पनेने साधले होते.

हा धडा अमेरिकेत वादाचा विषय झाला. स्टुडिओतले बोलेस्लाव्हस्की न्यूयॉर्कला स्थायिक झाले. त्यांच्याकडे शिकलेले ली स्ट्रासबर्ग १९३१ मध्ये स्थापन झालेल्या ‘ग्रुप थिएटर’मध्ये शिकवू लागले. त्यांचा सारा भर भावस्मृतीवर. नटांनी आपली जुनी दुःखे पुन्हा पुन्हा उकरायची. त्याच संस्थेतल्या स्टेला ॲडलर यांना हे सोसेना. १९३४ मध्ये पॅरिसला त्यांची गाठ खुद्द स्तानिस्लाव्हस्कींशी पडली. तुमच्या पद्धतीमुळे मला अभिनय नकोसा झाला आहे, अशी तक्रार त्यांनी तोंडावर केली. वृद्ध गुरूने त्यांच्याबरोबर काही आठवडे काम केले. तोवर त्यांचा स्वतःचाच विचार पुढे गेला होता. नाटककाराने दिलेली परिस्थिती समजून घ्या, त्या परिस्थितीत पात्र काय करील ते करा. भावना मागोमाग येईल, असे ते आता सांगत होते.

ॲडलर परतल्या, त्यांनी हे सहकाऱ्यांपुढे मांडले आणि ग्रुपमध्ये फूट पडली. पुढे स्ट्रासबर्ग यांचे नाव ‘ॲक्टर्स स्टुडिओ’शी जोडले गेले, ॲडलर यांनी १९४९ मध्ये स्वतःची शाळा काढली. मार्लन ब्रँडो हे त्यांचे शिष्य. नट म्हणून वाढणे आणि माणूस म्हणून वाढणे एकच, असे ॲडलर मानत. पण त्यांच्या लेखी वाढणे म्हणजे जखम उकरणे नव्हे. वाचा, चित्रे पाहा, इतिहास समजून घ्या, दुसऱ्याचे जगणे न्याहाळा. भूमिका तुमच्यापेक्षा मोठी असते, तिच्या उंचीला पोहोचा, हा त्यांचा आग्रह.

स्तानिस्लाव्हस्कींनी १९२८ मध्ये आर्ट थिएटरच्या तिसाव्या वर्धापनदिनी ‘थ्री सिस्टर्स’चा अंक हृदयविकाराचा झटका येऊनही पुरा केला. त्यानंतर ते रंगमंचावर उतरले नाहीत. १९३८ मध्ये निधन होईपर्यंत शिकवत मात्र राहिले. त्यांचे विचार पुढे के. नारायण काळे यांनी मराठीत आणले. आपल्याकडे देवलांसारख्या तालीममास्तरांची परंपरा होतीच. त्यामुळे ही चर्चा मराठी रंगभूमीला परकी वाटायचे कारण नाही.

या इतिहासातून मी एवढेच घेतो, की अभिनयाने माणूस वाढतो हे खरे, पण तो दुसऱ्याच्या जागी उभे राहिल्याने वाढतो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला वर्गासमोर घरातले दुःख सांगायला लावून रडवले, तर अश्रू खरे असतात. मात्र त्यात शिकणे किती, हा प्रश्न राहतो. त्या दुःखाला सांभाळण्याचे शिक्षण नाट्यशिक्षकाला सहसा नसते. म्हणून मुलांना शिबिरात घालताना पालकांनी फी आणि वेळ यांबरोबर आणखी एक गोष्ट जरूर विचारावी : इथे मूल ‘नाही, हे मला सांगायचे नाही’ असे म्हणू शकते का? ज्या तालमीत असे म्हणता येते, तिथे मुलाला निर्धास्तपणे पाठवावे.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)