काचेच्या टाकीत कुणाशेजारी कोण?

आपल्या माळेगावातही आता टीव्हीशेजारी माशांची टाकी दिसायला लागली आहे. मुलं हट्ट करतात, दुकानातून रंग बघून पाच-सहा जातींचे मासे येतात आणि पंधरा दिवसांत निम्मे मरतात. कोणता मासा कुणासोबत राहतो हे माणसाला कसं कळत गेलं, ते आज सांगते.

सुरुवात झाली एका शिवणकाम करणाऱ्या बाईपासून. झान व्हिलप्रो-पॉवर ही फ्रान्समधली, जोडे शिवणाऱ्याची लेक, 1794 सालचा जन्म. पॅरिसमध्ये ती कपडे शिवायची. लग्न होऊन इटलीतल्या सिसिली बेटावर गेली. तिथल्या समुद्रात आठ पायांचा एक जीव शिंपला घेऊन फिरतो. तो शिंपला त्याचा स्वतःचा की चोरलेला, यावर विद्वान भांडत होते. हिने 1832 साली काचेची टाकी केली, ते जीव त्यात ठेवले आणि रोज पाहून दाखवून दिलं, की शिंपला तो स्वतःच घडवतो.

पुढे लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने भांड्यात दोन गोल्डफिश आणि एक पाणवनस्पती ठेवली. पानं कुजली, पाणी गढूळ झालं. मग त्याने पाणगोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकं खाल्लं, पाणी निवळलं आणि मासेही टिकले. 1850 साली त्याने हे छापून सांगितलं. म्हणजे नुसते मासे पुरत नाहीत, घाण निस्तरणाराही लागतो.

आपल्याकडे शेततळ्यात मत्स्यबीज सोडणाऱ्या बायकांना यातलं अर्धं आधीच ठाऊक आहे. कटला वर चरतो, रोहू मधे, मृगळ तळाशी. तिघांची जागा वेगळी, म्हणून भांडण नाही. घरच्या टाकीतही तेच.

तीन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच टाकीत साधारण शंभर लिटर पाणी मावतं. आधी आपलं पाणी बघा. आपल्या भागात बोअरचं पाणी बहुतेक जड, डाळ न शिजणारं. गप्पी, मोली, प्लॅटी यांना ते मानवतं. निऑन टेट्राला हलकं पाणी लागतं, तो इथे झुरतो. गप्पी घेताना एका नरामागे दोन-तीन माद्या घ्या, नाहीतर नर मादीला उसंत देत नाही (हे वेगळं सांगायला नको!). सोबत सहा-सात झेब्रा मासे चालतील. हा आपल्याच गंगेच्या खोऱ्यातला, 1822 साली फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी त्याची नोंद केली. तो थवा करून राहतो, एकटा घेऊ नका.

टायगर बार्ब दिसायला छान, पण लांब परांच्या माशांचे पर कुरतडतो. एंजल मोठा झाला की तोंडात मावेल तो मासा गिळतो. फायटर नर दोन ठेवले तर एक मरतो. गोल्डफिश घाण फार करतो आणि त्याला थंड पाणी आवडतं, त्याची टाकी वेगळीच हवी. आणि सगळे मासे एका दिवशी आणू नका. चार आणा, दोन-तीन आठवडे थांबा, मग पुढचे.

आता सकर. काच साफ करतो म्हणून दोन इंचांचा घेतात, तो दीड फुटांपर्यंत वाढतो. मग लोक नेऊन सोडतात नदीत. हा दक्षिण अमेरिकेतला मासा आता उजनीत सापडतो. त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि बाजारात त्याला कोणी घेत नाही. उजनीत परका मासा नवा नाही. भिगवणला विकली जाणारी चिलापीही बाहेरचीच, 1952 साली भारतात आणलेली. पण चिलापीवर निदान घरं चालतात, सकर मच्छीमारांच्या घरातलं उलट काढून नेतो.

मोठा झालेला सकर दुकानदाराला परत द्या. कालव्यात, ओढ्यात किंवा विहिरीत सोडू नका. आपली नीरा पुढे नरसिंगपूरला भीमेला मिळते.